एसओएस लिहिलेली गोळी

सकाळी साडेसहाला आमच्या सेंटरमध्ये सगळ्यांत जास्त गलका असतो. रात्रपाळीवाल्यांना घरी जायची घाई, दिवसपाळीवाल्यांचा चहा अजून संपलेला नाही, आणि तेवढ्यात बावीस जणांची डायपर, दात, अंघोळी उरकायच्या. या तासात चार नंबरच्या आजींचा आवाज पार गेटपर्यंत यायचा. शिव्या अस्सल सातारी. शिव्यांवर भागलं तर बरं, पण त्या मारायच्याही. चिमटे काढायच्या, केस धरायच्या. एकदा माझ्या चष्म्याची काडी मोडली. ओव्हर देताना, म्हणजे पाळी सोपवताना, नाइटची सिस्टर सांगायची, "चार नंबर मारकी आहे, दोघींनी मिळून जा." म्हशीला म्हणतात ना, तसं मारकी. मीही तेच म्हणायचे.

मी नर्स आहे. मिरजेला जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, पंधरा वर्षं हॉस्पिटलांमध्ये काढली आणि गेली नऊ वर्षं पुण्याबाहेर डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, एका सेंटरमध्ये आहे. सेंटरचं नाव लिहीत नाही, आजी-आजोबांची तर नाहीच नाही. खोलीच्या नंबरावर भागवते.

तर चार नंबरच्या आजी. 'आक्रमक' म्हणून महिन्याभरात त्यांचा क्वेटियापिनचा, म्हणजे मानसिक आजारांवरच्या, माणसाला शांत करणाऱ्या औषधाचा डोस दोनदा वाढला होता. त्यामुळे झालं इतकंच की दुपारभर त्या खुर्चीत मान टाकून बसायला लागल्या. लाळ गळायची, जेवण अर्ध्यावर आलं, एकदा संडासात पडता पडता वाचल्या. सकाळी साडेसहाला हात मात्र पहिल्यासारखाच चालायचा. या जातीच्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ सालीच पाकिटात छापायला लावला. आपल्याकडे ती औषधं वाणसामानाच्या यादीसारखी दर महिन्याला येत राहतात.

आजींचं कोडं सुटलं ते एका नव्या मावशीमुळे. (आमच्याकडे मदतनीस बाई कितीही तरुण असली तरी मावशीच. पुरुष असला की मामा.) विट्याकडची पोरगी, घरी जनावरं. नर्सिंगचं काही शिकलेली नाही. चौथ्याच दिवशी मला म्हणाली, "ताई, ह्यांना उजव्या अंगावर गप पडू दिलं की काय करत न्हाईत ओ. डावा पाय उचलला की मारत्यात."

मी फाइल काढली. दाखल होतानाच्या कागदांत, तिसऱ्या पानावर, डाव्या खुब्याचं जुनं ऑपरेशन लिहिलेलं होतं, आत रॉड. औषधांच्या यादीत सगळ्यांत खाली: पॅरासिटामॉल ५००, एसओएस.

एसओएस म्हणजे लागली तर द्या. प्रत्यक्षात त्याचा अर्थ होतो, मागितली तर द्या. आठ महिन्यांच्या औषधाच्या तक्त्यात त्या गोळीसमोर एकही सही नव्हती, कारण आजींनी ती कधी मागितलीच नव्हती. मागणार कशी? गोळी हा शब्द त्यांच्याकडे उरला नव्हता. दुखणं पायाचं आहे की समोर वाकलेल्या बाईने काही केलंय म्हणून, हेही त्यांना उमगत नसणार. रोज पहाटे दोन अनोळखी बायका येतात, लुगडं सोडतात आणि पाय असा ओढतात की जीव जातो. मीही मारलं असतं.

आमच्या डॉक्टरांनी तीच गोळी एसओएसची काढून घड्याळावर लावली. दिवसातून तीनदा, पहिली पहाटे साडेपाचला, म्हणजे अंघोळीच्या आधी तासभर. मंगळवारी सुरू केली. बुधवार, गुरुवार तसेच गेले, शिव्या कायम. शनिवारी मावशी त्यांना पोलकं घालत होती तर आजींनी आपणहून हात बाहीत घातला. एवढंच. कुणी टाळ्या बिळ्या वाजवल्या नाहीत. मावशीने फक्त माझ्याकडे बघितलं. पुढच्या दोन महिन्यांत डॉक्टरांनी क्वेटियापिन हळूहळू उतरवत आणलं. शिव्या राहिल्या, त्या मूळच्याच असाव्यात.

त्यानंतर मी सगळ्या बावीस फायली उघडून बसले. चौदा जणांना कुठली ना कुठली दुखण्यावरची गोळी एसओएस लिहिलेली होती. मागच्या महिन्यात ती मिळाली होती तिघांना, आणि तिघेही चांगलं बोलू शकणारे.

"दुखतंय का?" हा प्रश्न आम्ही दिवसातून पन्नासदा विचारतो आणि तो फारसा कामाचा नाही. नऊ नंबरचे आजोबा एसटीत कंट्रोलर होते. त्यांना कधीही विचारा, "छे छे, मस्त!" पायावर बादली पडली तरी मस्तच म्हणतील. बायकोचं नाव गेलं, मुलाचा चेहरा गेला, पण परक्या बाईसमोर कुरकुर करायची नाही ही रीत शाबूत. मराठीत दुखण्याला शब्दांचा काय तोटा आहे? दाढ ठसठसते, डोकं ठणकतं, जखम चुरचुरते, पोटात मुरडा येतो, पोटरीत गोळा येतो, पाठीत उसण भरते, कंबरेत चमक निघते, अंग कसकसतं, गुडघ्यातून कळ जाते. डिमेन्शियात हे शब्द एकेक करून गळतात, आणि प्रत्येकाकडे शेवटी उरणारा शब्द वेगळा असतो. म्हणून मी आता शब्द बदलून बदलून विचारते, त्या जागी हात ठेवून विचारते आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजते. उत्तर उशिरा येतं. आपण पाचव्या आकड्याला उठून जातो.

या आजोबांनी एकदा जेवण सोडलं. मुलगा भेटायला आला, बाहेर व्हरांड्यात मला हळूच म्हणाला, "सिस्टर, बाबांनी आता अन्नपाणी सोडलंय, नातेवाइकांना कळवायला घेऊ का?" मला खटकत होतं की भाकरी थुंकणारा माणूस पेज मात्र गटागटा पितोय. कवळी काढून टॉर्च मारला. खालच्या हिरडीवर शेंगदाण्याएवढा व्रण. वजन उतरलेलं, कवळी सैल झालेली, घासून घासून सोललेलं. त्यांच्या तोंडावर माझा हात ठेवून मी विचारलं, "अण्णा, ठणकतंय का हो?" बराच वेळ गेला. मग म्हणाले, "रात्रीचं लई." आठवडाभर कवळी बंद, जेल लावलं, नंतर दंतवैद्यांकडून कवळी बसवून घेतली. आज त्याला सव्वा वर्ष झालं, कालही त्यांनी मटणाचा रस्सा मागून घेतला.

ज्यांच्याकडे एकही शब्द उरलेला नाही, त्यांच्यासाठी आम्ही पेनॅड नावाचा तक्ता वापरतो. अमेरिकेत २००३ साली प्रगत डिमेन्शियासाठी केलेला आहे. एका पॅलिएटिव्ह केअरच्या (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या) प्रशिक्षणात मला मिळाला. पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. मावशींना इंग्रजी कागद जड जातो म्हणून आम्ही भिंतीवर मराठीत लावलाय: श्वास, आवाज, चेहरा, अंग, समजूत. श्वास धाप लागल्यासारखा आहे का, कण्हणं आहे का, कपाळाला आठ्या आहेत का, मुठी आवळल्यात का, गुडघे पोटाशी घेतलेत का. आणि शेवटचं, जे मला सगळ्यांत आवडतं: हात धरला, बोललं, तर समजूत पटते का? पटली तर शून्य. कशानेच पटत नसेल तर दोन.

हा तक्ता भरायची वेळ महत्त्वाची. आमच्याकडे सुरुवातीला दुपारी अडीचला भरायचे, कारण तेव्हा मोकळा वेळ. दुपारी अडीचला सगळे झोपलेले. सगळ्यांना शून्य! असे महिनाभराचे शून्य फायलीत लावून आम्ही खूश होतो. आता कुशीवर वळवताना, उभं करताना, बाही घालतानाच बघायचं असं ठरवलंय. हाडासांध्यांचं दुखणं हलवल्याशिवाय तोंड उघडत नाही.

आणि हेही सांगायला हवं की तक्ता दुखणं मोजत नाही, दुखल्यासारखं दिसणं मोजतो. गार पाणी अंगावर पडलं तरी सात गुण येतात. भीतीनेही येतात. लाजेनेही येतात, हे तर पुस्तकांत कमीच असतं. जन्मभर पदर न ढळू दिलेल्या बाईला एक मामा येऊन उघडी करतो, ती ओरडणार नाही तर काय करेल? म्हणून आधी पाणी, माणूस, खोली बदलून बघायची. पोट साफ आहे का, लघवी होतेय का, तोंड आणि पावलं बघितली का. तरीही आकडा उतरत नसेल, तर डॉक्टरांना विचारून काही दिवस घड्याळावर गोळी द्यायची आणि पुन्हा मोजायचं.

हे माझ्या मनाचं नाही. नॉर्वेतल्या अठरा नर्सिंग होममधल्या डिमेन्शियाच्या ३५२ जणांवर असा प्रयोग झाला, २०११ साली तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. निम्म्यांना नेहमीची सेवा, निम्म्यांना आठ आठवडे पायरीपायरीने दुखण्यावरचं औषध. त्यातल्या बहुतेकांचं पहिल्या पायरीवर, म्हणजे साध्या पॅरासिटामॉलवरच भागलं. त्यांची अस्वस्थता, आरडाओरडा, मारहाण मिळून सतरा टक्क्यांनी कमी झाली. औषध थांबवल्यावर परत वाढली. आमच्या डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा एक सिस्टर म्हणाली, सतराच? मी तिला म्हटलं, तू एकदा साडेसहाला ये.

"त्यांना कळत नाही, मग दुखणं तरी काय कळणार" असं नातेवाईक म्हणतात, कधी कधी शिकलेले डॉक्टरही वागण्यातून म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये २००० साली खुबा मोडलेल्या वृद्धांची तुलना केली होती. प्रगत डिमेन्शिया असलेल्यांना मॉर्फिनच्या जातीचं औषध मिळालं होतं ते डिमेन्शिया नसलेल्यांच्या एक तृतीयांश. हाड तेच मोडलेलं.

आता माझं स्वतःचं. हे लिहायला मला तीन वर्षं लागली.

अकरा नंबरच्या आजोबांना येऊन दहा दिवस झाले होते. रात्री दीडच्या सुमारास ते ओरडायला लागायचे. शब्द नाही, नुसतं "ए... ए... ए...". आजूबाजूच्या तीन खोल्या जाग्या व्हायच्या. फाइलमध्ये झोपेच्या इंजेक्शनची ऑर्डर होती, तीही एसओएसच. पहिल्या रात्री मी फोन करून विचारलं आणि दिलं. दुसऱ्या रात्री पुन्हा दिलं. डायपर ओलं होतं, म्हणजे लघवी होतेय असं मी धरून चालले. तिसऱ्या रात्री सुई भरून घेऊन गेले, चादर नीट करायला पोटावर हात टेकला आणि हाताला नारळासारखं काही लागलं. मूत्राशय तुंबलं होतं. भरून वाहणाऱ्या टाकीसारखी लघवी थोडी थोडी गळत होती, त्यानेच डायपर ओलं. डॉक्टरांना उठवलं, लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर घातला, पिशवीत एक लिटरच्या वर आलं. आजोबा पिशवी भरता भरताच झोपले. हातातली सुई मी मोडून टाकली.

पहाटे चहा घेताना माझ्या डोक्यात एकच फिरत होतं. गोळीही एसओएस, इंजेक्शनही एसओएस. गोळी आठ-आठ महिने कुणी घेत नाही आणि इंजेक्शन पहिल्याच रात्री निघतं. कारण गोळी लागते आजींना आणि इंजेक्शन लागतं आम्हाला. मागू शकणाऱ्यालाच मिळतं.

रात्री बावीस जणांना एक सिस्टर आणि दोन मावशी असतात, हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण तेही खरं आहे.

घरच्यांचा उपयोग कुठे होतो, ते माईंनी शिकवलं. सोळा नंबरच्या माई दिवसभर "विठ्ठल विठ्ठल" म्हणतात. येणारे पाहुणे हात जोडायचे, किती समाधानी आहेत म्हणायचे. आम्ही त्यांना भजनाच्या टीव्हीसमोर बसवायचो. एकदा त्यांची नाशिकची मुलगी आली, दारातच थांबली, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "आईला काहीतरी होतंय. ती दुखलं की असं भराभर म्हणते. धाकट्याच्या वेळी बाळंतपणात रात्रभर असंच चाललं होतं. एरवी सावकाश म्हणते, मध्ये मध्ये आम्हाला हाका मारत." पाठीचा एक्स-रे काढला तर मणक्याचं हाड दबलेलं. कधी दबलं, देव जाणे. आता माईंच्या तक्त्यावर मावशींनी पेन्सिलने सहावी ओळ वाढवलीय: विठ्ठल सावकाश की भराभर.

दाखल करून घेताना मी आता घरच्यांना बँकेचे फॉर्म भरायच्या आधी हे विचारते: आईला दुखलं की आई काय करते? गप्प होते, रागावते, भांडी घासत बसते, देवाचं नाव घेते? बहुतेकांना चटकन सांगता येत नाही. रात्री फोन येतो, "सिस्टर, आठवलं."

गोळ्यांचं थोडं सांगते, पण डोस ठरवणं डॉक्टरांचं काम, माझं नाही. पॅरासिटामॉलची धडधाकट माणसाची दिवसाची कमाल ४ ग्रॅम. छत्तीस किलोच्या आजींना आमचे डॉक्टर २ ग्रॅमच्या पुढे जात नाहीत, आणि सर्दीच्या गोळीतही तेच औषध असतं म्हणून ती वेगळी देऊ देत नाहीत. नातेवाईक मेडिकलमधून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून गुपचूप देतात, ते कृपा करून नको. किडनी, जठर, बीपी, तिन्हीकडे मार. "सवय लागेल ना?" हा प्रश्न मला पॅरासिटामॉलबद्दलही विचारतात आणि ज्यांची आई क्वेटियापिनवर तीन वर्षं आहे तेच विचारतात. ट्रॅमाडॉल या दुखण्यावरच्या जास्त कडक औषधाने आमच्या एका आजींना भिंतीवर माणसं दिसायला लागली, बंद केलं. मॉर्फिन आमच्यासारख्या ठिकाणी पोचतच नाही. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा सुधारला, पण ते ठेवायला संस्थेला मान्यता लागते.

गोळी घशाखाली गेली का, हे वेगळंच प्रकरण. दोन नंबरच्या आजी शिऱ्यात कालवलेली गोळी बरोबर वेगळी काढून गालात ठेवतात. एकदा तुळशीच्या कुंडीत सात सापडल्या. त्यांना आता सिरप देतो, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम वालं.

काही गोष्टींना गोळीही लागत नाही. वळवायच्या आधी समोरून जाऊन तोंड दाखवायचं, मागून हात लावायचा नाही. हात चोळून गरम करायचे. कुशीवर झोपवलं की गुडघ्यांमध्ये उशी. आणि कपडे: घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. हे मला जीएनएमच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी रोज कुणाला तरी उलटं करताना बघते, घाईत मीही करते.

माईंना गोळीने पुरेसं होईना, म्हणून चार महिन्यांपासून ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच आहे, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधाची कातडीवर लावायची चिकटपट्टी. सात दिवसांनी बदलायचा. पाठीवर, खांद्याच्या मागे लावतो, म्हणजे त्यांचा हात पोचत नाही. पहिला दंडावर लावला होता, तो त्यांनी सोलून शेजारच्या आजींच्या कपाळावर टिकलीसारखा लावला. नशीब लगेच दिसला. तेव्हापासून पॅचजवळ तारीख लिहितो आणि दर पाळीला तो जागेवर आहे का ते बघून सही करतो. गरम पाण्याची पिशवी त्या बाजूला चालत नाही, उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं, हा कागद त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी चिकटवलाय. पहिल्या आठवड्यात फार झोपल्या, बद्धकोष्ठ झालं, त्यासाठी रात्री पातळ औषध चालू आहे. पोट साफ झालं की नाही, ते रोज लिहायचं.

परवा सकाळी मी त्यांच्याजवळ उभी होते. विठ्ठल मध्यम लयीत होता. मावशीने विचारलं, किती गुण देऊ? मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "एक. आठी हाय कपाळाला, पण माझा हात धरलाय." तिने एक लिहिला. पॅच रविवारी बदलायचा आहे, या वेळी उजव्या खांद्यामागे.